मागाचा खड्डा

डभोईच्या अलीकडे, वणकरवासात,
पहिलं देऊळ म्हणजे मेथीबेनचं मागघर.
छप्पनिया दुष्काळात सूत संपलं, माग विकला,
खड्डा तेवढा राहिला.

लाजरस केदारी, माझे पणजोबा, नगरहून आले.
गुजराती कच्ची, आवाज खणखणीत.
उभं राहायला दुसरी जागा नव्हती,
म्हणून खड्ड्यातच उतरले,
विणणाऱ्याचे पाय असतात तिथे.
कमरेपर्यंत जमिनीत,
खाली बसलेल्यांच्या डोळ्यांना डोळे.

घंटा म्हणून रुळाचा तुकडा.
सरकारी की चोरीचा, वहीत नोंद नाही.
वहीत आहे: बाप्तिस्मे अकरा.
मेथीबेनला भाडं, महिना चार आणे.
पुढे बारीक अक्षरात: घेत नाही.
त्याखाली, दुसऱ्या शाईत: घेतले. मुलगी आजारी.

मग पक्क्या भिंती आल्या, कौलं,
तीन पायऱ्यांचं व्यासपीठ.
खड्डा बुजवला, माती दोन गाड्या.
पणजोबा वर चढले
आणि म्हणे त्या रविवारी
त्यांना वचनच आठवेना.

परवा वडोदऱ्याहून बसने गेले.
फरशी एका जागी किंचित खोल.
झाडणारा म्हणाला, धुतलं की पाणी इथंच साचतं,
कितीदा भरलं तरी.
मी चपला काढून तिथे उभी राहिले.
‘बेन,’ तो म्हणाला,
‘पाय ओले होतील.’