काच

तिसऱ्या किलोमीटरला, करावेच्या सिग्नलअलीकडे,
चड्डी वर चढायला लागते.
उजवी बाजू आधी. नेहमी उजवी.
मी खाली ओढते, चार पावलं जातात,
ती पुन्हा निघते आपल्या गावाला.

पाम बीच रोडवर पहाटे साडेपाचला
कोणी कोणाकडे बघत नाही, असं कडू मॅडम म्हणतात.
त्यांचं बरं आहे. त्यांच्या मांड्या
एकमेकींशी बोलत नाहीत.
माझ्या सख्ख्या जावा,
पाऊल पडलं की कुरबुर.

सोसायटीच्या क्रीडादिनाचा सुती टी-शर्ट
घामानं भिजला की काखेत पॉलिश पेपर.
पावडर लावली, तिची कणीक मळली गेली.
खोबरेल लावलं, ते मोज्यांपर्यंत उतरलं.
खरा हिशेब घरी, बाथरूममध्ये,
पहिला तांब्या अंगावर घेतला की.
तेव्हा तोंडातून जे काही निघतं त्यावर
मुलगा बाहेरून विचारतो, "पाल?"
हो, म्हणते. पाल.

वाशीच्या दुकानात पाच घेऊन आत शिरले.
आरशापुढे उभं राहिलं की सगळ्याच बऱ्या.
उभं राहायला कोणाला हवीय?
मी ट्रायल रूममध्ये जागच्या जागी धावले,
गुडघे पोटापर्यंत, दोनशे मोजून.
फळीची भिंत थरथरली, हँगर पडला.
"मॅडम, सगळं ठीक ना?" बाहेरची पोरगी.
चार वर चढल्या होत्या.
पाचवी जागची हलली नाही.
तिची किंमत वाचून मी नीट घडी घातली
आणि पोरीच्या हातात परत दिली.

म्हणून नेरूळला, याकूब मास्टरांकडे,
माझी जुनीच, वर्तमानपत्रात गुंडाळून.
त्यांनी ती काउंटरवर उलटी केली,
शिवणीवरून अंगठा नेला, मध्यावर थांबले.
"चार शिवणी एकाच ठिकाणी मिळतात.
काचणारच."

काच.
आमच्याकडे हा शब्द जाचाचा हात धरून यायचा,
मावशांच्या सासरच्या गोष्टींत,
आणि आम्हा मुलींना बाहेर खेळायला पिटाळलं जायचं.
एकटा कधी भेटला नव्हता.

"मियानी टाकतो. चौकोनी तुकडा.
शिवणी बाजूला जातील."
टेप माझ्याच हातात दिली, स्वतः वहीत बघत राहिले.
"धावायला ना? मग एक पाय स्टुलावर ठेवा,
आणि आकडा सांगा."
सत्तेचाळीस वर्षं माझी मापं घेतली गेली
सरळ उभी करून. हात खाली, श्वास आत.
पाय उचलल्यावर मांडी सव्वा इंच जास्त भरली.
मास्टरांनी दोन्ही आकडे लिहिले,
दुसऱ्याखाली रेघ मारली.

मंगळवारी मिळाली.
खालच्या कडेला आतून रबरी पट्टी, बोटभर रुंद.
मियानी कुठल्याशा शाळेच्या गणवेशाची, निळी;
चड्डी काळी.
नवा दोरा ताठ होता अजून,
म्हणून मी ती उलटीच घातली,
दोऱ्यांची टोकं जगाच्या बाजूला.

करावेचा सिग्नल आला, गेला.
हात सवयीनं खाली गेला,
त्याला ओढायला काही सापडलं नाही.
मग तो नुसताच हलत राहिला,
कामावरून लवकर सुटलेल्या माणसासारखा.
ओहोटीचा वास होता.
त्या वळणावर खारफुटीच्या फटीतून
खाडीचं पाणी दिसतं.
आठ महिने धावतेय इथून.

परतताना कडू मॅडमनी मागून गाठलं.
आसपास चिटपाखरू नव्हतं,
तरी आवाज खाली आणून म्हणाल्या,
"अहो, उलटी घातलीय तुम्ही."

"माहितीये," म्हटलं,
आणि पुढे गेले.