फुली

होबार्टच्या दप्तरखान्यात पेन आत नेऊ देत नाहीत,
बोटभर पेन्सिल हाती ठेवतात.
तीस वर्षं टपाल निवडलं मी,
गावाचं गिचमीड अक्षर लावण्यात हयात गेली,
तरी या दोघी सुटत नव्हत्या:

ऑनोरा टिअर्नी, कॉर्कची, वय एकोणीस, अकरा वार कापड.
ऑनोरा टिअर्नी, कॉर्कची, वय वीस, एक बदक.
जहाज एकच. दुसरीपुढे कारकुनाने
नुसतं ‘तीच’ लिहून मग खोडलेलं.

घरात ऐकत आलो, ती शिक्षिका होती,
स्वतःच्या पैशाने आली.
डल्सी आत्या तर तिच्या वळणदार अक्षराचं
कौतुक करायची, न पाहताच.

सही येत होती कापडवालीला.
ती त्रेचाळीसच्या जूनमध्ये, ऐन थंडीत,
कैदी बायकांच्या धुलाईखान्यात तापाने गेली.
मूलबाळ नाही.

आणि ऑगस्टात, तिच्याच नंबरचा परवाना दाखवून,
एक ऑनोरा लाकूडकाप्याशी लग्न लावते,
नावापुढे फुली मारते.
एक रेघ लांब, दुसरी मध्येच घसरलेली.

‘उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं’:
जहाजाच्या डॉक्टरचा शेरा, बदकवालीपुढे.

आत्या आता नव्वदीची.
तिला कसं सांगू, मेलेलीचा कागद उचलून
जी दाराबाहेर पडली
तिचे आपण?

वहीतलं ‘शिक्षिका’ खोडलं.
वर काही लिहिलं नाही अजून.

बदकाचं पुढे काय झालं
कुठल्याच नोंदीत नाही.
पकडायच्या आधी
खाल्लेलं असू दे.