खळं

बोडिल मोजपट्टी धरते ताटलीवर.
औषधाच्या टिकलीभोवती पडलेलं खळं,
जंतू उगवले नाहीत तेवढीच जागा.
पहिल्या वहीत सव्वीस मिलिमीटर.
मग एकोणीस. मग चौदा.
एका पानावर नुसतं: मुलगी आजारी.

जटलंडभर गमबूट घालून ती सांगत हिंडली,
धडधाकट डुकरांच्या खाद्यात औषध कशाला?
एयनारनं दार लावून घेतलं.
सात हिवाळ्यांनी तोच आला,
पोत्यात पिल्लू, टोपी हातात:
"काहीच लागू पडत नाही."
तिनं कॉफी ओतली. दोन कप.

आज निरोपाचा केक खाऊन झाला.
एयनारच्या शेडमधली ताटली तेवढी उरलीय.
अकरा.
चष्मा पुसून पुन्हा: अकराच.
गेल्या खेपेला नऊ होतं.
ती पेन्सिलीनं लिहिते,
पेन खिशात असताना.