नऊ तोंडं

पाटणीपुऱ्याच्या चौकात, गाद्यांच्या दुकानावर
आमचा स्टुडिओ: पाच खुर्च्या, चार माणसं,
एक कूलर, हवा कमी, घरघर जास्त.
मंगळवारी सलूजासाहेबांनी प्लगइन विकत घेतलं
आणि माझं दोन दिवसांचं काम
अकरा मिनिटांवर आलं.

आधी मी आरसा घेऊन बसायचो,
दाढीचा, कडेला तडा गेलेला.
शेळीचे संवाद स्वतः म्हणायचो, अगदी हळू,
ओठ कुठे मिटतात, जीभ कुठे टेकते
ते बघून एकेक तोंड काढायचो.
'फ'ला खालचा ओठ दाताखाली.
'ऊ'ला चंबू.
'ळ' मात्र मला कधीच धड जमला नाही,
इंदुरात वाढलेल्या जिभेवरून तो घसरतोच;
आई अजून टोकते, "फळ म्हण रे, फल नको."

प्लगइनकडे तोंडं एकूण नऊ.
आवाजाची फाईल आत टाकायची,
ते ऐकतं, मोजतं, आणि टपाटपा
सेकंदाच्या चोवीस फ्रेमांवर तोंडं चिकटवत जातं,
पोस्टातल्या बाईनं तिकिटं लावावीत तसं.
त्याचं धाकटं भावंड हालचाली गुळगुळीत करतं:
शेळीनं मान वळवली की सुरुवात सावकाश,
मध्ये वेग, शेवट लोण्यासारखा.
एक बटण. कुठेच हिसका नाही.
खाली चौकात अशी एकही रिक्षा थांबत नाही.
"देखा भिया," सलूजासाहेब म्हणाले,
"अब महीने में चार एपिसोड,"
आणि कचोऱ्या मागवल्या.

रविवारी रामबागेत आत्याकडे गेलो.
उल्काला ऐकू येत नाही, जन्मापासून.
सकाळी कचऱ्याची गाडी गल्लीत शिरली
हे तिला समोरच्या डोंगरेकाकूंच्या ओठांवरून कळतं,
त्या नकळत गाडीचं गाणं पुटपुटत असतात.
मी फोन पुढे केला. शेळी बघ, नवी.
तिनं बघितलं. पुन्हा बघितलं.
मग हातांनी विचारलं:
बोलतेय, की रवंथ करतेय?

चिडलो थोडा. म्हटलं, अगं, बाप सापडतो तिला शेवटी,
"बाबा" म्हणते.
उल्का हसली. माझ्या ओठांकडे बोट केलं,
मग हवेत लिहिलं: बाबा, मामा, पापा.
तिन्हींना ओठ सारखेच मिटतात.
शेळीचेच असं नाही, तुझेही.

मग तुला कळतं कसं?
तिनं माझ्या तोंडावर तळहात धरला
आणि डोळ्यांकडे बघत राहिली.
मग हात काढून दोन बोटं स्वतःच्या भुवईला लावली,
श्वास आत ओढला
आणि तशीच थांबली, क्षणभर.
ती आता मला हाक मारणार
हे मला कळलं होतं.
ओठ अजून मिटलेलेच होते.

सोमवारी नऊ तोंडांना मी हात लावला नाही.
फक्त त्या एका शब्दाच्या आधी
सहा फ्रेम मोकळ्या केल्या.
लोण्याची रेषा तिथे कापली:
मान वळते, आणि अर्ध्यात अडते,
हिसक्यासकट.
पापण्या हातानं काढल्या. एक कान खाली.
मग तोंड, प्लगइननं दिलेलं तेच.

"यहाँ अटक रहा है, भिया."
हो, म्हटलं.
"मशीन की गलती?"
नाही. मीच अडवलंय.
सलूजासाहेब काही बोलले नाहीत.
खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला,
खुर्ची ओढून जवळ बसले.
म्हणाले, "एक बार और लगा.
आवाज़ बंद करके."

उल्काला अजून पाठवलेलं नाही.
पाच सेकंदांचा तुकडा आहे,
भुवई जरा जड वाटते मला.