अठरावर

वाळूवर उतरायच्या आधी टायरमधली हवा सोडायची असते
हे आम्हाला आर्डिथने सांगितलं,
गळाची आमिषं आणि बर्फ विकते तिच्या टपरीच्या दारात,
हाताचं कोळंबीचं पाणी पँटला पुसत.
पस्तिसावरून अठरावर आणा, म्हणाली,
ताठ चाक इथे रुततं.

कोरिन काटा बघत होती, मी वॉल्व दाबून धरलेला.
चार वेळा फुस्स.
आणि व्हॅन खाली बसली,
लेकुरवाळी दुपारी भिंतीला टेकते तशी.

ही व्हॅन आधी एका बेकरीची होती.
ऊन चढलं की पत्र्यातून अजून पावाचा वास सुटतो
आणि दोघींना उगाचच भूक लागते.

वडिलांचा नकाशा सत्याहत्तर सालचा,
घड्यांवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर चिकटपट्टी.
त्यावर पेन्सिलची एक फुली.
तिथे ते आईबरोबर तीन रात्री तंबूत राहिले,
आम्हा दोघींच्याही आधी.
फुलीपर्यंत जायचं, एवढाच बेत.
घर विकलं तेव्हापासून
आम्ही एवढाही बेत एकत्र केला नव्हता.

डावीकडे समुद्र, उजवीकडे खाडी,
मध्ये हे बेट
उंबऱ्यात आडवं झोपलेल्या राखणदारासारखं.
कुठे कुठे इतकं अरुंद
की एका खिडकीतून येणारा वारा
दुसरीतून जाताना खारट राहत नाही,
चिखलाचा वास घेऊन जातो.

पुढे पाच घरं लाकडी खांबांवर,
घोट्यापर्यंत लाटांत.
एकाचा जिना ऐटीत खाली येतो
आणि शेवटच्या पायरीखाली पाणी.
पडदे नीट ओढलेले. दारावर पाहुण्यांसाठी पाटी.
घर फिरलं की वासे फिरतात, म्हणतात.
इथे वासे जागेवर होते.
जमीन फिरली.

अठरावर आणूनही रुतलोच.
(कोरिनला पेलिकन जवळून बघायचे होते.)
फळकुट, पायपुसणं, शेवटी माझा रेनकोटसुद्धा चाकाखाली घातला.
संध्याकाळी थर्मन ट्रक घेऊन आला, दोर लावला,
एका हिसक्यात बाहेर.
पैसे घेईना. नकाशा मात्र मागून घेतला
आणि बराच वेळ हसला.
मग फुलीवर बोट ठेवलं,
तेच बोट उचलून समुद्राकडे केलं:
तो पक्षी सूर मारतोय ना, त्याच्याही पलीकडे.

बुडालं का, मी विचारलं.
छे, म्हणाला. वादळ पुढची वाळू उचलून मागे टाकतं.
बेट कूस बदलतं.
माझ्या पणजोबांची मेंढरं चरायची तिथे.
आता मी त्याच कुरणात गळ टाकतो,
कधी कधी लागतंही काही.

तो गेल्यावर कोरिन पाण्यात शिरली,
गुडघ्यापर्यंत, पँट न दुमडता.
मी स्टोव्हपाशी राहिले. डब्यातला राजमा गरम केला.
तिला हाक मारावी असं दोनदा वाटलं.
आली तेव्हा तिने माझा चमचा घेतला
आणि माझ्याच भांड्यातून खाल्लं.
वाळू लागतेय, म्हणाली.
लागत होती. दोघींच्याही दातांत करकरत होती.

रात्री वाऱ्याने व्हॅन हलत राहिली.
चाकाखाली पांढरे खेकडे टकटक करून जात होते,
भाडेकरूचं दार वाजवावं तसे.
पलंग बेकरीच्या फळ्यांचा, जेमतेम हातभर.
तिने कूस बदलली की मलाही बदलावी लागे.
बाबा घोरायचे, ती अंधारात म्हणाली,
आईला तीन रात्री झोप मिळाली नसणार.
हे तिला कोण म्हणालं, विचारायचं राहून गेलं.

सकाळी आर्डिथच्या टपरीमागे हवा भरायला थांबलो.
नळी गळकी. नाणी संपत आलेली.
दोन चाकं पस्तिसावर आली.
तिसऱ्याला कोरिनने काट्यावर हात ठेवला,
पुरे, म्हणाली,
दक्षिणेला अजून एक बेट आहे.
नकाशा पायाखाली होता,
ओला, वाळत घातल्यासारखा पसरलेला.
तो तसाच राहू दिला.