पावशे, के. बी.

दर मार्चला मी बाईंची मोजदाद करतो.
ग्रंथालयाचा संगणक कुरकुरत उघडतो
आणि वरून आलेला तक्ता विचारतो :
शोधनिबंध किती? हवाला कुणी दिला, किती वेळा?
एच-निर्देशांक लिहा. खाडाखोड नको.

यंदा दोन पावशे सापडल्या.

एक डब्ल्यूची. कोल्हापूरच्या पदवीवर
कुणा कारकुनानं कानाला ऐकू आली तशी टाईप केलेली.
दुसरी व्हीची. कडोलीच्या शाळेचा कन्नड दाखला
पगाराच्या कागदांशी जुळवताना निघालेली.
पहिली राहते बेळगावात, दुसरी बेळगावीत.
यंत्राच्या मते मध्ये कधीतरी
एक बाई गाव सोडून गेली
आणि दुसरी, त्याच विषयाची,
रताळ्याच्या त्याच रोगाची,
त्याच पिनकोडवर राहायला आली.

हिला सात, तिला सहा.
तेरा होत नाहीत, एवढं मला आता कळतं.
दोन घरांच्या पायऱ्या मोजून
गच्ची उंच झाली म्हणण्यासारखं ते.

बाई वर प्रयोगशाळेत होत्या.
थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, बर्फात
उचगावच्या शेवंता हुद्दारांच्या शिवारातली पानं,
कडा आत वळलेली,
थंडीत मूठ वळावी तशी.
म्हटलं, बाई, तुम्ही दोन झालाय.
"दोघींना पगार येतोय काय बघ की."

मग स्टूल ओढून यादी बघत बसलो.
सगळ्यात वर चार पानांचं एक टिपण :
रताळ्याच्या चिकट पानातून डीएनए काढताना
मीठ किती वाढवावं.
दोनशे बारा सायटेशन.
"हे सिद्राय मामांचं," बाई म्हणाल्या.
"बाटल्या धुता धुता बोलले होते,
नदीचा मासा बुळबुळतोय, मिठानं चोळला
की हातात राहतोय."
मामांचं नाव आभारात आहे.
तक्त्यात आभाराला रकाना नाही.

आणि पार तळाला नऊ वर्षांचं काम.
नऊ खरीप, अकराशे पानं,
लोकांनी दोन नावं दिलेला एक विषाणू.
एका वेलीतून दुसरीत जाताना
तो आपली दोन-तीन अक्षरं बदलतो, बस.
बाकी तोच, असं बाई लिहितात,
तेवीस पानांत, कुठंही आवाज न चढवता.

हवाले तीन. त्यातले दोन बाईंचे स्वतःचे.
तिसरा गेल्या वर्षीचा, कंपालाहून.
मी ते वाक्य शोधून वाचून दाखवलं :
पावशे यांच्या मते हे दोन्ही एकच;
आम्हाला ते मान्य नाही.

वाटलं, नको होतं वाचायला.
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"परत वाच गा."
वाचलं.
"तक्ता क्रमांक सहा बघितलाय त्यानं.
सहा क्रमांकाचा तक्ता
इथं शेजारच्या खोलीतबी कुणी बघितला नाही."
आणि बाई हसल्या, मोठ्यानं,
बाहेर सिद्राय मामांच्या हातातली बाटली थांबेपर्यंत.

खाली येऊन मी दोघींना एक करण्याचा अर्ज उघडला.
मुख्य नाव कोणतं? एकच निवडा.
या दोन व्यक्ती एकच असल्याचं
आपण खात्रीनं सांगता का?
पुरावा जोडा.

पुन्हा वर गेलो, विचारायला.
बाई हातमोजे चढवत होत्या.
"ते राहू दे. आधी कंपालाला लिहू.
पानांचे फोटो पाठवू त्याला, सगळे.
त्याला पटलं, तर त्यालाच सही करायला सांग
तुझ्या त्या अर्जावर."

खोक्यातला बर्फ निम्म्यावर आला होता.
मी झाकण लावलं.
अर्ज अजून अर्धाच आहे.