तिसऱ्या दिवशी

येरेवानच्या या प्रयोगशाळेत फ्रीझर उघडला
की आधी माझीच नळी दिसते:
एकेचाळीस.
नाव नाही. शाईचा आकडा, वर बर्फाची साय.
ती कोणाची, हे नियमानं मला ठाऊक नसावं.
पण चारचा तो तिरका पाय माझ्या हातचा,
आणि रक्त काढलं त्या रात्री
हात थरथरत होता, एकोणचाळीस अंशांत.

आमच्या घरात हा ताप वाटणी न होता
सगळ्यांच्या वाट्याला येतो.
येतो, पोटात सुरी फिरवतो,
श्वास अर्धाच घेऊ देतो,
आणि तिसऱ्या दिवशी उठून जातो.
तिसऱ्या दिवशीही जो राहील त्याची अक्कल गेली म्हणायची.
या पाहुण्याला तेवढी अक्कल आहे.

सिरानुश आत्याचं अपेंडिक्स दोनदा काढलं.
दुसऱ्यांदा काय काढलं, कोणी विचारलं नाही.
ती तव्यावर मीठ भाजायची, मोज्यात भरायची,
बेंबीपाशी दाबून धरायची.
चौथ्या दिवशी तंदूरपाशी लवाश लाटायला बसली
की शेजारणी एकमेकींना म्हणायच्या,
सोंग.

त्या सोंगाचा पत्ता आता मला पाठ आहे.
सोळावं गुणसूत्र, टोकाजवळ,
एका अक्षराची चूक.
तिथून घडणाऱ्या प्रथिनाचं नाव
ग्रीकांच्या आगीवरून ठेवलंय.
चुलीपाशी राखण करायला कोणी बसवावं
आणि त्यानंच फुंकणी हातात घ्यावी, तसं.

डॉक्टर वाहराम म्हणाले, "न्वार्द,
तुझं रक्त मोजणीत धरता येणार नाही.
तराजू धरणाऱ्यानं पारड्यात बसू नये."
बरोबर आहे.
मी एकेचाळीस वगळला, तक्त्यातून, आलेखातून.

रात्री सगळे गेल्यावर
उरलेल्या पेशी बशीत सोडते.
वर एक थेंब,
शरदात फुलणाऱ्या जांभळ्या फुलाच्या कंदातलं विष,
सकाळी मी पाण्याबरोबर गिळते तेच.
भिंगाखाली पेशींच्या आतल्या दोऱ्या सुटत जातात
आणि धावत निघालेल्या त्या
वाटेतच थबकतात, काहीतरी विसरल्यासारख्या.
मी बघत बसते.
हे कुठल्या वहीत लिहीत नाही.

गुरुवारी ग्युम्रीहून एक मुलगा आला होता.
नऊ वर्षांचा. कोट घातलेला, न काढता.
त्याच्या अपेंडिक्सची तारीख ठरली होती, शनिवारची.
मला विचारायचे होते सत्तावीस प्रश्न, छापील.
मी कागद पालथा घातला.
"तिसऱ्या दिवशी जातं ना?"

आई पिशवीत जुने रिपोर्ट शोधत होती.
तिच्याकडे न बघता तो हळूच म्हणाला,
"तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी कागद सुलटा केला.
प्रश्न पहिला: वय.